दुपारी बदलणारी मांडणी

माझी ताई नवे कपडे शिवत नसे, दुसऱ्यांनी शिवलेले दुरुस्त करायची. पँट आखूड कर, कंबर सैल कर, कोटाची चेन बदल. "माणसं एक तर सुटत असतात नाहीतर वाळत असतात, म्हणून माझं चालतं," असं म्हणायची. भावोजींचं कुलपांचं दुकान त्याच रस्त्यावर. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. आत ते, किल्ल्या कोरायचं मशीन आणि खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्यांच्या माळा. दोघं सकाळी डबे घेऊन निघायची आणि दिवस कलल्यावर परतायची. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. जेवताना पाणी पुढे करायचं, भाजी कशी झाली ते सांगायचं, संपलं.

मग त्यांनी जागा बदलली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, उजेड भरपूर, भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी. अट एकच होती. पुढच्या खोलीत एक जड गोल टेबल होतं, ते तिथंच राहणार. "दारातून निघत नाही ते," घरमालक म्हणाले. भावोजींनी टेबल मोजलं, दार मोजलं, मग पुन्हा टेबल मोजलं. "खोली टेबलाभोवती बांधली असणार," त्यांनी निकाल दिला.

टेबलाच्या मधोमध पाणी मुरून पडलेला काळा डाग होता. ताईनं त्यावर कापड घातलं, ते सरकायचं. मग एक पसरट चिनी मातीचा वाडगा ठेवला, आणि रिकामा वाडगा बरा दिसत नाही म्हणून त्यात काहीतरी मांडायला लागली. पानगळ सुरू होती. दुकानातून येताना बागेच्या कुंपणाबाहेर जे पडलेलं असायचं तेच ती उचलायची. गवताचे तुरे, सुकलेल्या शेंगा, एखादी वाकडी काटकी, तांबूस पानं. बाजारातून काही आणायची नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या वाडग्यावरून माझी नजर हटेना.

"कितीला पडलं?" मी विचारलं.

"पैसा लागत नाही ह्याला," ती म्हणाली. "नजर लागते."

"असं बोलू नये बाई," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

एका संध्याकाळी ती घरी आली तर एक उंच तुरा तिनं ठेवला होता तिथून हलून खिडकीच्या बाजूला गेला होता. आणि तिथंच तो शोभत होता. भावोजी त्या दिवशी तिच्या आधी घरी आले होते. ती काही बोलली नाही, पण मनातून सुखावली. पुढे अधूनमधून तसं होऊ लागलं. पान उलटं करून त्याची फिकट बाजू वर आणलेली असे, शेंग काटकीला टेकवलेली असे. मला फोनवर सांगायची, "ह्या माणसाला शर्टाचं बटण धड लावता येत नाही. हे कुठून सुचतं गं?" आवाज नव्या नवरीसारखा लाजरा झाला होता. तिकडे भावोजी तिच्याकडे वेगळ्याच कौतुकानं बघत होते. येताना एकदा तिच्या वाडग्यासाठी सुकलेली बोंडं घेऊन आले, खिसे भरून. जेवताना गप्पा व्हायला लागल्या. सगळी थंडी अशी गोडीत गेली.

एके दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होते. वाडग्यात पानं झडलेल्या फांद्या होत्या आणि वाळवलेल्या संत्र्याच्या साली. भावोजी घास घेता घेता म्हणाले, "ती मोठी फांदी आडवी केलीस ते बरं केलंस. सकाळी समोरचं माणूस दिसत नव्हतं."

ताई वाढता वाढता थांबली. "मी नाही केली. तुम्ही केलीत ना?"

"मी कशाला हात लावू? मी आजवर कधी हात लावला नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

ताईनं पातेलं खाली ठेवलं. आम्ही तिघंही त्या फांदीकडे बघत बसलो. कोणीतरी ती उचलून, तोल सांभाळून, वाडग्याच्या काठावर अलगद टेकवली होती.

भावोजी कुलपांचा धंदा करणारे. त्यांचा जीव गेला असता तरी चाललं असतं, पण त्यांच्याच दाराचं कुलूप कुणी उघडतं हे त्यांना सोसेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप बदललं. मग दुसरं, आणखी भारी, बसवलं. खिडक्यांना आतून खिट्ट्या मारल्या. दाराच्या फटीत दोरा चिकटवला, फरशीवर पीठ भुरभुरलं. संध्याकाळी दोरा जागेवर, पिठावर मुंगीचंही पाऊल नाही आणि वाडग्यातली मांडणी निराळी.

"चोर असेल तर मोठा गुणी आहे," मी विनोद केला. भावोजी पीठ झाडत राहिले.

शेवटी मी सांगितलं, मी बसते पहारा द्यायला. दोघं कामावर गेली आणि मी त्या टेबलाशी विणकाम घेऊन बसले. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. जेवणानंतर खोलीत ऊन आलं. मी वाडग्यावरून डोळे काढले नाहीत, एवढं मी शपथेवर सांगेन. काहीही हललं नाही. घड्याळाचा तासकाटा हलताना दिसतो का? तसंच झालं. एका क्षणी माझ्या लक्षात आलं की सालींचा ढीग उजवीकडे आला आहे आणि फांद्यांमध्ये मोकळी जागा झाली आहे. कधी झाली ते मला सांगता येईना. साबणाचा मंद वास येत होता, नुकतेच हात धुतलेलं माणूस शेजारून गेल्यासारखा. मी विणकाम तिथंच टाकलं आणि ताईच्या दुकानात जाऊन बसले. ती शिवत राहिली.

त्या संध्याकाळी ताईनं वाडगा रिकामा केला. फांद्या, साली सगळं खाली नेऊन टाकलं, वाडगा घासला, पुसला आणि डागावर पालथा न घालता तसाच ठेवला. "आता काय हलवायचं ते हलवा म्हणावं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाडगा टेबलाच्या काठाशी होता, बरोबर तिच्या खुर्चीसमोर. तिनं तो परत मध्ये ठेवला. पुढच्या दिवशी तो आणखी पुढे आलेला, अर्धा काठाबाहेर. कुणी हात लांब करून मागावं तसा. असं रोज व्हायला लागलं. भावोजी म्हणाले, जागा सोडू. ताई म्हणाली, आधी विचारू तर.

घरमालकांनी ऐकून घेतलं आणि गाल खाजवला. "तुमच्या आधी एक बाई राहायच्या. एकट्याच. मोठ्या हॉटेलात जेवणाची टेबलं सजवायच्या, फुलंबिलं. टेबल त्यांचंच."

"कधी गेल्या?" ताईनं हळूच विचारलं.

"गेल्या कुठं? आहेत की. हातपाय लुळे पडले म्हणून वृद्धाश्रमात ठेवलंय. फोन केला की पहिलं विचारतात, माझं टेबल आहे ना."

आम्ही तिघं बसनं गेलो. शेवटच्या थांब्याच्या पुढे एक पिवळी बैठी इमारत, दारात नर्स. ताईनं आजींना भेटायचंय म्हटलं, आणि आपलं नाव-गाव सांगायच्या आतच ती म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी आलं. आजींचं काही कळत नाहीये. दुपारच्या झोपायच्या तशा झोपल्या आणि तेव्हापासून नीट जाग्याच होत नाहीत. डोळे उघडे असतात, भरवलं तर गिळतात, पण इथं नसतात."

"कधीपासून?" भावोजींनी विचारलं.

नर्सनं सांगितलं. ताईनं वाडगा रिकामा केला त्याचा दुसरा दिवस होता तो.

आजी खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होत्या. अंगानं चिमणीएवढ्या, हात मांडीवर, बोटं आत वळून आखडलेली. त्या हातांनी काडीही उचलली गेली नसती. ताई त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. "आजी, मी तुमच्या जुन्या जागेत राहते," ती म्हणाली. "तुमच्याच टेबलावर जेवते."

मग जिना चढून दमलेलं माणूस दारात यावं तशी त्या डोळ्यांत हळूहळू ओळख आली.

"वाडगा रिकामा का केलात?" आजींनी विचारलं.

वाडग्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आणि तो तर ताईनं आपल्या आधीच्या घरून आणलेला होता.

"आम्ही घाबरलो," ताई खरं तेच बोलली.

"मी तरी काय करू? तुम्ही वाडगा मांडायला लागलात तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मी तिथं असते. काहीतरी हाताला लागतं, ते नीट लावते, मन भरतं, मग जाग येते. रिकामं असलं की परत यायची वाट सापडत नाही. नुसती उभी राहते."

"कुठं उभ्या राहता?" भावोजींनी विचारलं. त्यांनी ते विचारायला नको होतं.

"तुमच्या खुर्चीमागे," आजी म्हणाल्या.

भावोजी बाहेर व्हरांड्यात निघून गेले. आजी ताईकडे वळल्या. "नजर चांगली आहे तुमची. पण डावीकडे फार गर्दी करता."

"माझी खुर्ची तिकडे आहे ना," ताई म्हणाली.

"मग खुर्ची बदला. वाडगा सगळ्यांचा असतो."

येताना आश्रमाच्या आवारात पडलेल्या काटक्या ताईनं गोळा केल्या आणि ओच्यात घेतल्या. आमचा थांबा आल्यावर भावोजी म्हणाले, "त्यांच्याकडे किल्ली आहे का, तेवढं विचारायचं राहिलं." ते गमतीनं म्हणाले की खरंच, मला अजून कळलेलं नाही.

काटक्या वाडग्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पंख्यासारख्या पसरलेल्या होत्या आणि नर्सचा फोन आला, आजींनी दुपारी उठून चहा मागितला.

त्यानंतर तो वाडगा एक दिवसही मोकळा राहिला नाही. कोंब फुटलेल्या फांद्या औषधाच्या बाटल्यांत उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात गार पाण्यात गोटे आणि चार पानं. एकदा पावसानं आठवडाभर बाहेर पडता येईना तर भावोजींनी जुन्या पितळी किल्ल्यांचा ढीग आणून ओतला, वर एक वाळकी फांदी ठेवली. संध्याकाळी सगळ्या किल्ल्या त्या फांदीला लटकत होत्या, लहान टोकाला, मोठ्या बुंध्याशी. भावोजी ते बराच वेळ बघत राहिले. पण आश्रमातून आलो त्या दिवसापासून त्यांनी आपली खुर्ची भिंतीला टेकवली ती टेकवलीच. पाठीमागे मोकळी जागा ठेवून ते पुन्हा कधी जेवले नाहीत.

मुलीचं बाळंतपण आलं तेव्हा ताई दोन आठवडे तिकडे गेली आणि वाडगा माझ्याकडे सोपवला. मी रोज सकाळी जायची, काहीतरी ठेवायची आणि ऊन आत यायच्या आधी निघायची. ती परत आल्यावर मी विचारलं, "तुला भीती नाही का गं वाटत?"

"वाटते की," ती म्हणाली. "पण कुणी उभं असताना आपण बसून जेवायचं, हे मला जमत नाही."

महिन्यातून एकदा ती आश्रमात जायची. दोघी कामाचं बोलायच्या. गवत कधी तोडावं, पानांचा रंग कसा टिकवावा. ताई सांगायची की आजी बोलत असताना त्यांची आखडलेली बोटं मांडीवर किंचित हलायची, आणि आपण तिकडे बघायचं टाळतो.

असं कितीतरी ऋतू चाललं. मग एका कडक उन्हाळ्यात ताई दुकानातून आली आणि दारातच थबकली. वाडग्यातलं पाणी ओतून टाकलेलं होतं. गोटे कोरडे पुसून टेबलाच्या कडेनं ओळीत लावलेले होते. पानं एकावर एक, देठाला देठ लावून. वाडगा स्वच्छ होता आणि घडी घातलेल्या फडक्यावर निथळायला पालथा घातलेला होता. हॉटेलात शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर टेबल आवरतात तसं.

भावोजी मागून आले. त्यांनी ते बघितलं आणि चप्पल न काढताच उभे राहिले.

"आवरून गेल्या," ताई म्हणाली.

नर्सचा फोन त्यानंतर आला. आजी दुपारच्या झोपेतच गेल्या होत्या. नर्स म्हणाली, हात इतकी वर्षं आखडलेले, पण बघितलं तेव्हा मांडीवर सरळ उघडे पडलेले होते, आणि ओले होते.

ताईनं पुढच्या आठवड्यात वाडगा पुन्हा भरला. संध्याकाळी तो सकाळसारखाच होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं आश्चर्यही वाटलं. मला म्हणाली, "इतकी वर्षं वाटायचं, एकदा सगळं जिथल्या तिथं सापडावं. आता सापडतं, तर घरात कुणी नसल्यासारखं वाटतं."

मध्यंतरी मी त्यांच्याकडे गेले होते. वाडग्यात भल्यामोठ्या काटेरी फांद्या होत्या, एक तर थेट माझ्या नाकाशी. भावोजी अपराधी चेहऱ्यानं बसले होते. "आज मी लावलंय," त्यांनी सांगितलं. ताईनं काही दुरुस्त केलं नाही. आम्ही फांद्यांच्या आडून एकमेकांशी बोलत जेवलो. वाढून घ्यायला हात घातला की ओरखडे उठत होते. जेवण झाल्यावर ताई विड्याच्या डब्याऐवजी औषधाचा डबा घेऊन बसली आणि आधी भावोजींच्या बोटाला पट्टी बांधू लागली.