तळावरचा बारक्या

म्हस्कू माझ्या शाळेत पहिलीत आला तो थोरल्या भावाच्या, रायभानच्या, खांद्यावर बसून. पाय चांगले धडधाकट होते, पण शाळेच्या दारापर्यंत तो खाली उतरायला तयार नव्हता. आई तो चार वर्षांचा असताना गेली. बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने गोदाकाठी असायचा आणि पुढं तोही गेला. रायभान त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा. चूल त्यानंच हातात घेतली. तव्यावरची पहिली भाकर म्हस्कूची, हा त्या घराचा कायदा होता. रायभान त्याला बारक्या म्हणायचा. मी एकदा वर्गात त्याला त्या नावानं हाक मारली, तर मी त्याच्या खिशातलं काही काढून घेतल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

वर्गात दुसऱ्या कुणाच्या अक्षराला चांगलं म्हटलं की म्हस्कू स्वतःची पाटी थुंकी लावून पुसून टाकायचा. रायभानचं लग्न झालं आणि आसराबाई घरात आली, तेव्हा आठ दिवस तो तिच्या हातचं जेवला नाही. रायभानला मुलगी झाली, तर बारशाच्या दिवशी याला ताप भरला. ताप खरा होता. मी हात लावून पाहिला होता. पोरगं लबाड नव्हतं. कुणाला दमा असतो तसा याला मत्सर होता. लागला म्हणजे श्वास अडकायचा, मग दोन दिवसांनी उतरायचा. आसराबाईचा पुढं तो इतका आपला झाला की तिच्या माहेरी सोडायलाही तोच जायचा.

मोठेपणी तो जालन्याच्या एमआयडीसीत सळया काढणाऱ्या कारखान्यात लागला. रायभान नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या एका हॉटेलात आचारी होता. दोघं एकाच मोटरसायकलवर जायचे. २००५ साली मुंबईच्या कुणा एजंटानं रायभानला कुवेतमधल्या हॉटेलातली नोकरी सांगितली. तो गेला, आणि दोन महिन्यांत त्याला तिथून उचलून इराकमधल्या एका अमेरिकी हवाई तळावर नेलं. तिथं लढाई चालू होती. एजंटानं हे सांगितलं नव्हतं, आणि रायभाननंही घरी सांगायला महिना घेतला.

त्याचा फोन माझ्या घरी यायचा, शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. शुक्रवारी म्हस्कूच्या कारखान्याला सुट्टी आणि रायभानचंही दुपारचं वाढप त्या वेळेला आटोपलेलं. आमच्या फोनला सगळ्यांना ऐकू येण्याचं बटण होतं, म्हणून आसराबाई, मुलगी, म्हस्कू असे सगळे फोनभोवती बसायचे. मी तिथं मरीन लोकांच्या मेसमध्ये हाय, असं रायभाननं सांगितलं. मरीन म्हणजे समुद्रावरची फौज, असा अर्थ मी सांगितला. त्यावर आसराबाईनं विचारलं की मंग ती वाळवंटात काय करून राह्यली? 

पण रायभानचं सांगणं ऐकण्यासारखं असायचं. आचाऱ्याच्या नजरेला माणसं वेगळी दिसतात. पहाटे ती पोरं रांगेनं पळून यायची. मेसच्या दाराशी वाळू भरलेला एक पिंप होता. त्यात नळी खुपसून बंदूक रिकामी आहे ना, ते बघायचं, मग नळावर हात धुवायचे, मग आत. जेवताना बंदूक खुर्चीखाली, आणि एक पाय तिच्यावर. अंडी, मांस, फळं, आइस्क्रीम, सगळं विमानानं नाहीतर ट्रकनं आलेलं. जेवून उठले की ओठाखाली तंबाखू दाबायची आणि रिकाम्या बाटलीत थुंकायचं. "बिलकुल आपल्यावाणी," रायभान म्हणायचा. दर आठवड्याला डोकं भादरायचं, कपडे पिशवीत घालून नंबर लावून धुवायला टाकायचे, आणि मोकळा वेळ मिळाला की घरी बोलायला फोनच्या रांगेत उभं राहायचं. काही जण फाटकाबाहेर गस्तीला जायचे. त्यांचं जेवण कधी दुपारचं रात्री, कधी नाहीच.

आसराबाई आइस्क्रीमचं ऐकून हसायची. म्हस्कू मात्र हसत नसे. भट्टीसमोर बारा तास उभा राहणारा माणूस तो, घरी आला की आसराबाईनं ताट वाढायचं, ते चवीचंच असायचं. पण आपला भाऊ रोज सकाळी शेकडो परक्या पोरांना स्वतःच्या हातानं वाढतो, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. मला म्हणाला, "गुरुजी, त्यांना आया न्हाईत का?"

मग एका शुक्रवारी रायभाननं त्या पोराचं सांगितलं. एकोणीस वर्षांचं, सगळ्यांत आधी येणारं. त्याला दोन अंडी कडक लागायची. रायभान मागच्या खोलीत तळावरच्या आपल्याकडच्या मजुरांसाठी ठेचा करायचा, त्याचा वास त्या पोरानं हेरला. चमचाभर मागून घेतला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. छातीवरचं नाव काही रायभानला वाचता येईना. "मी आपलं त्याला बारक्या म्हणतो," तो हसत म्हणाला. "ते बी आता 'ओ' देतंय."

म्हस्कू उठून बाहेर गेला. त्यानंतर दोन शुक्रवार तो फोनला आला नाही. आला तेव्हा कोपऱ्यात बसून ऐकायचा आणि फोन बंद झाला की चेष्टेनं विचारायचा, की आज गोऱ्या बारक्यानं किती ठेचा चाटला. बाकीचे हसायचे. त्याचा चेहरा हसल्यासारखा असायचा.

याच सुमारास त्याचं लग्न जमलं. मुलगी अंबडची, गिरिजा, तातेरावांची धाकटी. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. अडचण एकच. लग्नात देवकाला आईबाप बसतात; म्हस्कूच्या बाजूनं तो मान रायभान आणि आसराबाईचा. नवरा परगावी असला तर बायकोनं कमरेला सुपारी खोचून त्याच्या नावानं बसावं, अशी आपल्याकडे रीत आहे आणि तिला कुणी नाव ठेवत नाही. पण म्हस्कूनं बैठकीत सांगून टाकलं, की ज्यानं मला खांद्यावर वागवलं त्याच्या जागी मी सुपारी बसवणार न्हाई. भाऊ आला तर लग्न, न्हाई तर थांबू. तातेरावांनी महिनाभर वाट पाहिली. मग म्हणाले, येत्या शुक्रवारी आपण सगळे गुरुजींच्या घरी बसू, त्याच्या तोंडून तारीख ऐकू आणि पत्रिका छापायला टाकू.

त्या शुक्रवारी तातेराव आणि त्यांचे दोन भाऊबंद आमच्या बैठकीत येऊन बसले. चहा झाला. साडेपाच वाजले, सहा वाजले. पुन्हा चहा झाला. फोन वाजला नाही. सव्वासातला तातेरावांनी घड्याळाकडे पाहून टोपी नीट केली. अंबडची शेवटची गाडी होती. तेवढ्यात म्हस्कू बोलला. बोलला ते फोनकडे बघून.

"त्याला तिथं नवा बारक्या सापडलाय, मामा. माझ्या लग्नाचं त्याला काय पडलंय? आपलं मोडलं समजा."

आसराबाईनं त्याचा हात धरला, तो त्यानं सोडवून घेतला. पाहुणे उठले. दारात तातेराव मला एवढंच म्हणाले, की पोरगा मनानं चांगला हाय म्हणून हे ठरवलं होतं.

फोन रविवारी सकाळी आला. म्हस्कू रात्रपाळी करून झोपला होता; आसराबाईनं त्याला ओढूनच आणला. रायभानचा आवाज बसलेला होता. त्यानं आधी माफी मागितली आणि मग आजवर लपवलेली एक गोष्ट सांगितली. तळावरचा कुणी मारला गेला की तिथले सगळे फोन बंद करतात. त्याच्या घरी सरकारी निरोप पोचेपर्यंत कुणालाच बाहेर बोलता येत नाही. याआधी तीन-चार शुक्रवार फोन आला नव्हता, ते याचमुळं. लाइनीचा घोटाळा झाला, असं तो सांगायचा.

"या टायमाला कोण गेलं?" आसराबाईनं विचारलं.

"मला कोण सांगंल? मी आचारी माणूस." तो म्हणाला, "ते पोरगं बुधवारपासून आलं न्हाई. त्यांची एक टोळी घरी बी परतली म्हणतात. त्यातच गेलं असंल. रोज दोन अंडी बाजूला काढतो, मंग नऊ वाजता दुसऱ्या कुणाला वाढून टाकतो."

मग तो लग्नाबद्दल बोलला. रस्ते बंद आहेत, बदली आचारी अडकून पडलाय, तीन महिने तरी कुणालाच सोडणार नाहीत.  

फोन ठेवल्यावर आसराबाई घरी गेली. म्हस्कू बसून राहिला. मग मला म्हणाला, "गुरुजी, ते आलं न्हाई म्हणाला, तवा मला बरं वाटलं. आधी बरं वाटलं. मंग कळलं मी काय ऐकलं ते."

मी त्याला तोंड धुवायला पाणी दिलं.   तोंड धुवून तो तसाच मोटरसायकलवर बसला आणि अंबडला निघाला. मलाही मागं बसवून घेतलं.

तातेराव अंगणात बाज विणत होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. म्हस्कूनं उभ्यानंच सगळं सांगितलं. फोन का आला नाही ते, आणि शुक्रवारी आपण जे बोललो ते खोटं होतं हेही. मग म्हणाला, "सुपारी चालंल. तुमी म्हणाल ती तारीख."

तातेरावांनी सुताची गाठ ओढून घेतली. "पाव्हनं, आमची पोरगी काय एस्टी हाय का? ही हुकली तर पुढची?"

म्हस्कू मान खाली घालून उभाच राहिला. आतून गिरिजानं दोन तांबे पाणी पाठवलं. ते आल्यावर मात्र तातेरावांनी दुसरी बाज आमच्याकडे सरकवली. तारीख पुढच्याच महिन्यातली निघाली.

देवकाला आसराबाई एकटी बसली. कमरेला सुपारी, डोक्यावर पदर, आणि शेजारचा पाट रिकामा. म्हस्कूनं त्या पाटाकडे दोनदा पाहिलं. पण त्यानं तोंड वाकडं केलं नाही आणि जेवलाही नीट.

लग्नानंतरच्या शुक्रवारी फोन आला. रायभाननं सगळं विचारून घेतलं. हळद कुणी लावली, पंगती किती उठल्या, देवक बराबर बसलं का.

"बसलं," म्हस्कू म्हणाला. "वैनीनं सगळं केलं." मग त्यानं गिरिजाकडे, माझ्याकडे पाहिलं आणि वाकून तोंड फोनजवळ नेलं. "दादा, तू पायजे होतास."

 तिकडं रायभानच्या मागं कुणीतरी इंग्रजीत घाई करत होतं; रांगेतला एखादा फौजी असावा. रायभाननं मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं, की धाकट्या भावाचं लग्न झालंय, वेळ लागेल.

"बोल," तो म्हस्कूला म्हणाला. "ते थांबंल."