अप्पांच्या घरातली शांतता

औशातल्या आमच्या गल्लीत नवं जोडपं आलं की देवदर्शन झाल्यावर त्याला सरळ विश्वनाथअप्पांच्या घरी नेत. दोघांनी पाया पडायचं, काकूंनी सुनेला कुंकू लावून हातावर पेढा ठेवायचा आणि मग अप्पांनी आपलं ठरलेलं भाषण करायचं. "बघ पोरा, संसार म्हंजे लई अवघड काम न्हाई. भांडायचं न्हाई, बस्स. आमच्या घरात आजपतोर आवाज चढला न्हाई. विचार की हिला." काकू हसून मान हलवायच्या. विचारायचं मात्र कुणी नाही.

आम्हालाही नेलं होतं. त्यांच्या घरातून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत आमचं पहिलं भांडण झालं. मी पाया पडून तिच्या आधी उठलो, हा गुन्हा. पुढं शेजारीच घर घेतल्यावर आमची भांडणं अप्पांना भिंतीतून ऐकू जायची आणि सकाळी शाळेला निघालो की ते दारातून विचारायचे, "काय सर, रात्री कोण जिंकलं?" मला त्यांचा फार हेवा वाटायचा. त्या घरातून कधी आवाज म्हणून येत नसे.

अप्पांचं बसस्टँडच्या रस्त्याला भांड्यांचं दुकान. कपाळाला विभूती, धोतर पांढरंशुभ्र. गिऱ्हाइकानं हंडा मागितला की आधी त्याच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावून ऐकायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "घ्या. नातवाच्या लग्नापतोर बघायला नको." खोटं बोलून त्यांनी कधी काही विकलं नाही. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन, लिंगपूजा करून पाटावर बसायचे. काकू भाकरी वाढत उभ्या राहायच्या. अप्पांचं जेवण झालं, ते उठून ओसरीवर पेपर घेऊन बसले, की मग काकू आत आपलं ताट घ्यायच्या. त्या पिढीतल्या घरांत हे असंच चाले आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

काकू भालकीकडच्या. माहेरी सगळं कानडी. नाव होतं शरणव्वा, ते लग्नात बदलून सुशीला ठेवलं. आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि वर्षाच्या आत त्या मराठी बोलायला लागल्या याचं अप्पांना मोठं कौतुक. "हुशार हाय लई," ते सांगायचे. "सुरुवातीला मला म्हणायची, तुम्हाला आमची भाषा शिकवते. म्हणलं, तू शिकलीस न्हवं आमची, मग मला काय करायचंय?" हे सांगताना ते हसायचे, आणि ऐकणाराही हसायचा. मीसुद्धा हसलो आहे.

काकू मराठी नीट बोलायच्या, पण कामापुरतं. मीठ हवंय का, पाणी आलं का, पोरगं कसं आहे. गल्लीत बायका पापड लाटायला बसल्या की काकू सगळ्यांत जास्त लाटायच्या आणि सगळ्यांत कमी बोलायच्या. "गरीब बिचारी," असं सगळे म्हणायचे. अप्पाही म्हणायचे.

तीन-चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. लातूरला दवाखान्यात ठेवलं, जीव वाचला. उजवा हात गेला तो गेलाच, पण वाचा परत आली. मात्र जी आली ती कानडी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, नंतर शिकलेली भाषा पुसली जाते, लहानपणची तेवढी राहते. काकू घरी आल्या त्या अशा. सुशीला म्हणून हाक मारली तर बघायच्या नाहीत. मुलगा पुण्याहून येऊन आठ दिवस राहिला, मग नोकरीसाठी परत गेला. सून राहिली सासूजवळ.

अप्पांनी दुकान नोकरावर सोडलं आणि काकूंच्या खाटेजवळ बसले. स्वतःच्या हातानं भरवायला लागले. ज्या माणसानं घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला नव्हता, तो शिरा कालवून चमचा पुढं करत होता. पण काकू तोंड घट्ट मिटायच्या. डाव्या हातानं चमचा अप्पांकडं ढकलायच्या आणि जड जिभेनं काहीतरी म्हणायच्या, पुन्हापुन्हा तेच. सुनेनं खीर केली, ताक-भात केला, आंबील केली. काकूंचा नकार कायम. अप्पा आपले दोन घास ओसरीवर खाऊन यायचे. दोन घोट पाणी पोटात जायचं, तेवढंच. दहा-बारा दिवस होत आले तशी गालांची हाडं दिसायला लागली.

"रुसली हाय माझ्यावर," अप्पा म्हणायचे. "कशापायी, ते कळंना झालंय."

मी म्हणालो, "अप्पा, त्यांच्या बहिणीला बोलवा की. नाहीतर मागच्या गल्लीत कानडी घर आहे, त्या बाईंना विचारू, काय म्हणतात काकू ते."

अप्पांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग म्हणाले, "सर, सगळा जलम गेला संगट. माझी बायको काय म्हणायलीय, ते दुसऱ्याला विचारू का मी? लोक काय म्हणतील?"

गावानं ज्यांना सुखी संसाराचा नमुना म्हणून डोक्यावर घेतलेलं, त्यांच्या तोंडचं हे बोलणं. यात अहंकार होता हे खरं, पण त्याहून जास्त भीती होती, असं मला आता वाटतं. दुसऱ्याला विचारलं की आपल्याला कळत नाही हे कबूल करावं लागतं.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता नाकातून नळी घालावी लागेल. त्या दिवशी सुनेनं अप्पांना न विचारता काकूंच्या धाकट्या बहिणीला, रेणव्वाला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. मी तिथंच होतो. अप्पा नेहमीसारखे चमचा पुढं करून बसलेले, काकू तोंड फिरवून तेच पुटपुटत होत्या. "मोदल नीव उण्री. मोदल नीव उण्री."

रेणव्वा दारातच थांबली. "दाजी, अक्का काय म्हणायली, तुम्हाला कळंना?"

अप्पांनी मान खाली घातली.

"पहिलं तुम्ही जेवा म्हणायली की हो ती. तुमचं झाल्याबिगर ती कवा जेवली हाय?"

सुनेनं ताट वाढून आणलं. अप्पा खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले, काकूंना दिसेल असे, आणि जेवायला लागले. डोळ्यांतून पाणी, तोंडात घास. काकू टक लावून बघत होत्या. अप्पांनी ताट बाजूला सारलं, तेव्हा काकूंनी आपणहून तोंड उघडलं. मी बाहेर ओसरीवर आलो, मला ते बघवेना.

संध्याकाळी अप्पा म्हणाले, "सर, एवढ्या वर्षांत तिला जेवताना मी बघितलंच न्हवतं. कसं कळणार मला?"

रेणव्वा महिनाभर राहिली. अप्पा तिच्याकडून कानडी शिकायला बसले. पाणी म्हणजे नीर, ये म्हणजे बा. वयाच्या सत्तरीत जीभ वळत नव्हती. हंड्याचा नाद ऐकून तो किती टिकेल हे सांगणाऱ्या कानाला बायकोच्या चार शब्दांचा मेळ लागत नव्हता. ते चुकले की काकू हसायच्या, अगदी खो-खो, अर्ध्या वाकड्या झालेल्या तोंडानं. ते हसणं भिंतीपलीकडं आमच्या घरात यायचं. माझी बायको पहिल्यांदा दचकलीच. म्हणाली, "हे कोण हसतंय?" इतक्या वर्षांच्या शेजारात आम्ही काकूंचं मोकळं हसणं ऐकलेलं नव्हतं. हे आधी झालं असतं तर, असं सारखं मनात यायचं. काकू त्या दिवाळीनंतर गेल्या, झोपेतच.

त्यानंतर अप्पा खचले. नवी जोडपी यायची, ते नुसता डोक्यावर हात ठेवायचे. भाषण बंद झालं ते कायमचं. पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी ते मला म्हणाले, "भालकीकडं जाऊन आलो, सर. तिच्या माहेराला."

मला वाटलं, काही विधी असेल.

"न्हाई, असंच. लग्नानंतर मी तिथं एक रात्रबी राहिलो न्हवतो. सोडायला जायचं, च्या घ्यायचा, निघायचं. दुकान कोण बघणार? ह्या टायमाला चार दिवस राहिलो. गावात शिरलो अन् पारावरच्या म्हाताऱ्या मला बघून हसायला लागल्या. मी रेणव्वाला इचारलं, म्हणलं, काय झालं? ती म्हणाली, दाजी, तुम्हाला समदा गाव ओळखतोय. अक्का माहेराला आली की तुमची नक्कल करायची. तुम्ही हंडा कसं वाजवून बघता, डोळे कसं मिटता, भाकर कशी मोडता, पोरांना कसं भाषण देता, समदं. तिच्याभोवती बायांची गर्दी व्हायची. हसून हसून पोट दुखायचं म्हणं. गावात तिच्यासारखं बोलणारं कुणी न्हवतं."

मी अप्पांकडं बघत राहिलो. आमच्या काकू?

"एवढं बारीक बघितलं व्हतं तिनं मला," अप्पा म्हणाले. "अन् मला कुणी इचारलं असतं, तुमची बायको कशी हाय, तर मी काय सांगितलं असतं? गरीब हाय, बोलत न्हाई. न बोलण्यालाच मी सुख म्हणत बसलो."

मग म्हणाले, "मी रेणव्वाला म्हणलं, करून दाखव की, ती कशी करायची. ती लाजली, पण उठली. पदर खोचला, डोळे मिटले अन् सुरू झाली. सर, हुबेहूब मीच. अंगणभर बाया व्हत्या, समद्या हसायल्या, रडायल्याबी. मीबी हसलो."

अप्पांनी धोतराच्या टोकानं डोळे पुसले.

"पण बोलणं समदं कानडीतलं. बाकीचे हसले, म्हणून हसलो. ती माझ्याबद्दल काय म्हणायची, ते काय मला कळलं न्हाई."