अक्कांच्या वर्गाविरुद्ध वर गेलेला हात

कमलाक्का गेल्याची बातमी मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. वर पाण्याचा टँकर उशिरा येणार असल्याचा निरोप, खाली कुणाची तरी हरवलेली मांजर आणि मध्ये दोन ओळी : आपल्या क्लबहाउसमध्ये पूर्वी काही वर्ग घेणाऱ्या, जुन्या येलहंक्यातल्या कमला मॅडम यांचं निधन झालं. बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रांगेत मीही हात जोडले आणि ऑफिसच्या मीटिंगला बसलो. मीटिंगमध्ये काय बोललो ते आठवत नाही… ‘काही वर्ग’ हे दोन शब्द तेवढे डोक्यातून जाईनात. कसले वर्ग, हे कुणी लिहिलं नव्हतं. लिहिणार कोण? ते बंद करणारे आम्हीच.

त्याला आता पाच आठवडे झाले. अक्कांबद्दल चांगलं लिहिणं अगदी सोपं आहे, आणि माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने ते छान लिहिलंही असतं.

अक्का इथल्याच, बंगळुरातल्या. आम्ही नोकरीच्या मागे पुण्याहून आलेलो, त्यांचं घराणं महाराष्ट्रातून साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेलं. त्यांची मराठी ऐकली की पहिल्या दिवशी हसू यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून आपलीच कोरडी वाटायला लागायची. ‘तुमी पुण्याचे लोक मराठी लै धुऊन, इस्त्री करून बोलता,’ असं त्या मला म्हणाल्या होत्या. मला तम्मा म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. सगळी नोकरी त्यांनी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. येलहंका शहराच्या एका टोकाला, बोम्मसंद्रा दुसऱ्या. कंपनीच्या बसमध्येच निम्मं आयुष्य गेलं, असं त्या हसत सांगायच्या. एकच गोष्ट हसत सांगत नसत. एका दुपारी चार कामगारांनी आपल्या मित्राला उचलून दवाखान्यात आणलं आणि उन्हाने चक्कर आली म्हणून सांगितलं. अक्कांनी उन्हाचेच उपचार केले. त्याने कसली नशा केली होती ते चौघांनाही ठाऊक होतं, पण बोललो तर त्याची नोकरी आणि अब्रू जाईल, या भीतीने ते गप्प राहिले. त्याची नोकरी वाचली नाही आणि तोही वाचला नाही. ‘माणूस नशेने मेला म्हणतात,’ अक्का सांगायच्या, ‘तो दोस्तांच्या अब्रूने मेला की.’

निवृत्तीनंतर त्यांनी हेच काम धरलं. शाळा, कारखान्यांच्या वसाहती आणि आमच्यासारख्या सोसायट्यांमध्ये दर रविवारी दुपारी वर्ग. मुलं नशेकडे कशी वळतात, घरच्यांनी काय ओळखावं, आणि वेळ आलीच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावं. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा, डॉक्टरला खरं सांगा. एवढं तर भिंतीवरचा तक्ताही सांगतो. अक्कांची रीत पुढे होती. त्या प्रत्येक आईबापाला उभं करून ते वाक्य मोठ्याने म्हणायला लावायच्या, स्वतःच्या मुलाचं नाव घेऊन. अमुकने हे घेतलं, एवढं घेतलं, तेव्हा घेतलं. तोंडाला सवय नसली तर ऐन वेळी जीभ वळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा सोसायटीचा सांस्कृतिक सचिव. पहिल्या वर्गाला चार शब्द बोलायला गेलो आणि पहिल्याच रांगेत सापडलो.

‘तम्मा, तुमची मुलगी काय नावाची?’

‘सई.’

‘मग बोला की. सईने काय घेतलं?’

‘अक्का, आमच्याकडे असलं काही नाही.’

लोक हसले. अक्काही हसल्या. ‘सरी, सरी. बरं, बसा,’ म्हणाल्या आणि पुढच्या बाईंकडे वळल्या. मी घरी येऊन बायकोला, माधवीला, सांगितलं की बाई चांगल्या आहेत, पण जरा अतिच करतात.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, एका रविवारी, माधवी आईला बघायला पुण्याला गेलेली असताना सई तिच्या खोलीत पलंगाशेजारी जमिनीवर पडलेली सापडली. हाक मारली तर घशातून नुसता आवाज येत होता. टेबलावर गोळ्यांचं पाकीट होतं, अर्धं रिकामं. परीक्षेच्या आधी झोप येत नाही म्हणून तिच्या कॉलेजच्या वर्गातल्या कुणीतरी दिलेल्या गोळ्या ती कित्येक महिने घेत होती, आणि त्या दिवशी मैत्रिणीकडून पिऊन आल्यावर तिने त्यांचा हिशेबच ठेवला नव्हता. हे सगळं नंतर कळलं. पाकीट मात्र मला तेव्हाच दिसलं होतं. मी काय केलं? पुण्याला फोन लावला. बंगळुरात नऊ वर्षं राहूनही आमचा डॉक्टर पुण्यात, दाताचा डॉक्टर पुण्यात आणि गोडा मसालाही पुण्याचा. डॉक्टरमित्र फोन उचलेना. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला… ॲम्ब्युलन्स बोलवली तर ती गेटवर थांबणार, वॉचमन वहीत फ्लॅटचा नंबर लिहिणार, हे मी त्या घटकेला खरोखर मनात आणलं होतं. माझी मुलगी जमिनीवर पडली होती आणि मी वॉचमनच्या वहीची काळजी करत होतो.

शेवटी गाडी काढायला खाली धावलो तर क्लबहाउसमधून अक्का वर्ग आटोपून बाहेर पडत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही. गुडघे दुखत असतानाही लिफ्टची वाट न बघता दोन मजले चढल्या. सईला कुशीवर वळवलं, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत ‘पुट्टी, ए पुट्टी, माझ्याशी बोल’ असं एकसारखं म्हणत राहिल्या; पुट्टी म्हणजे कानडीत छोटी मुलगी. पाकीट उचलून त्यांनी पदराला बांधलं. इस्पितळात तरुण डॉक्टरने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, ‘बाहेर काहीतरी खाल्लं असेल. पाणीपुरी वगैरे.’

ते शब्द माझ्या तोंडून गेले. ते आधी ठरवलेलेही नव्हते, आपसूक आले, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त लाज वाटते.

अक्कांनी पदराची गाठ सोडून पाकीट डॉक्टरच्या पुढे ठेवलं आणि कानडीत सगळं सांगितलं. पाकिटावरून काय आणि किती, अंदाजाने केव्हा, आणि तोंडाच्या वासावरून दारूही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सई वाचली. तिसऱ्या दिवशी घरी आली; शेजाऱ्यांनाही मी पाणीपुरीच सांगितली. मी अक्कांचे पाय धरले आणि पाय धरूनच म्हणालो, ‘अक्का, हे कुठे बोलू नका.’ त्या म्हणाल्या, ‘मी कशाला बोलू? बोलायचं तुमी हाय.’

मग आली वार्षिक सभा. कुणी फ्लॅट बघायला आलं होतं, त्यांनी सूचनाफलकावर अक्कांच्या वर्गाचा कागद वाचला आणि विचारलं, इथे हा प्रॉब्लेम आहे का? झालं. असल्या वर्गांनी सोसायटीचं नाव खराब होतं, बाहेरच्या बाईला क्लबहाउस द्यायचं कशाला, असा ठराव आला. अक्कांना बोलावून समोरच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्यांनी शांतपणे एवढंच सांगितलं की, आजार हाय तिथेच औषध देतात असं नाय, आजार येऊ नये म्हणूनही देतात. मग अध्यक्ष म्हणाले, ठरावाच्या बाजूने कोण?

मी विरोधात गेलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, तुम्हाला एवढा पुळका का? नुसता हात खाली ठेवला असता तरी कुणीतरी बघितलं असतं. मी हात वर केला. अक्कांनी तो पाहिला. पाहून त्यांनी नजर लगेच दुसरीकडे वळवली, माझं अवघडलेपण आणखी कुणाला दिसू नये म्हणून. सभा संपल्यावर मी चपला शोधण्याचं निमित्त करून मागे रेंगाळलो, त्या जाईपर्यंत. पण त्या पायऱ्यांपाशी थांबलेल्या होत्या. आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाल्या, ‘तम्मा, पुट्टी कशी हाय? झोप येते न्हवं तिला?’

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी आज सुखी असतो.

वर्ग त्यांच्या जुन्या येलहंक्यातल्या, पहिल्या मजल्यावरच्या घरी, पुढच्या खोलीत सुरू झाला. सई तिथे दर रविवारी जायला लागली, आधी स्वतःसाठी, मग अक्कांना मदत म्हणून. आम्ही शेजाऱ्यांना सांगितलं, ती वीणा शिकायला जाते. का वीणा, देव जाणे. सुचली तेव्हा वीणा सुचली. पुढच्या गणेशोत्सवात शेजारच्या काकू म्हणाल्या, सईची वीणा ठेवू या की कार्यक्रमात! सईने फार गंभीर चेहऱ्याने सांगितलं, ‘काकू, स्टेजवर वाजवण्याएवढी तयारी नाही अजून.’ अक्कांना हे कळल्यावर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या म्हणे. ‘वीणा? आमच्या घरात साधा टाळ नाय!’ मला मात्र तीन वर्षांत एकदाही त्या घराची पायरी चढावीशी वाटली नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात सई रोज जायची. मी खाली गाडीत बसून राहायचो. ऑफिसचे फोन असतात, असं मी तिला सांगत होतो. तिनेही कधी वर चल म्हटलं नाही, आणि अक्का गेल्याचंही मला आधी ग्रुपवरच कळलं.

गेल्या रविवारी मी पहिल्यांदा वर गेलो. छोटी खोली, भिंतीला टेकवलेल्या दहा-बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सतरंजीवर बसलेल्या काही बायका, खिडकीत अक्कांचा चष्मा तसाच. वर्ग आता सई घेते. समोर एक गृहस्थ घाम पुसत उभे होते, मुलाचं नाव घेऊन ते वाक्य म्हणायचा प्रयत्न करत होते, आणि सई घाई न करता वाट बघत होती. तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. मग ओळखीची कसलीही खूण चेहऱ्यावर न दाखवता म्हणाली, ‘या सर. मागे जागा आहे. स्वल्प सरकून घ्या, यांना बसू द्या.’

मी बसलो. तासभर माझ्या मुलीचा कुणी नसलेला माणूस म्हणून बसलो.

परत येताना विचारलं, ‘मला सर का म्हणालीस?’

‘तुला चाललं असतं का, बाबा म्हटलेलं? तिथे?’ तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

घरी येऊन मी हा लेख लिहायला बसलो. दोन दिवसांनी तिला वाचायला दिला. पाणीपुरीही होती त्यात, वर केलेला हातही होता, काही लपवलं नाही असं मला मनापासून वाटत होतं. तिने तो शेवटपर्यंत वाचला, पेन मागितलं आणि पहिल्या पानावर परत गेली. तिथे मी लिहिलं होतं, ‘आमच्या एका स्नेह्यांची मुलगी’. तिने ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘माझी मुलगी, सई’. मग एकेक पान उलटत, जिथे जिथे ते आलं होतं तिथे तिथे दुरुस्त करत गेली. मी समोर बसून होतो. अकरा ठिकाणी निघालं.