तुसाचा ढीग आणि माझा सल्ला

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोणी माझं काम विचारलं की मी "सल्लागार" म्हणायचो, आणि लोक नोकरी गेलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघायचे. भंडारा जिल्ह्यातल्या राइस मिल आणि कौलांच्या भट्ट्यांना कमी लाकूड जाळून धंदा कसा चालवावा, हे सांगत मी एसटीनं हिंडायचो. जंगलही टिकेल, धंदाही टिकेल, असं माझं पाठ केलेलं वाक्य होतं. मालक चहा पाजायचे, मान डोलवायचे, आणि मी फाटकाबाहेर पडलो की लाकडाची पुढची गाडी आत घ्यायचे.

आंधळगावजवळच्या एका राइस मिलचे शेठ मात्र माझ्या तावडीत सापडले. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायला त्यांचा बॉयलर दिवसभर लाकूड खायचा, आणि मागं धानाच्या तुसाचा भला मोठा ढीग वाऱ्यावर उडायचा. मी म्हटलं, लाकूड बंद करा, तूस जाळा.

"फुकटचं हाये म्हणून जळते काय?" शेठ म्हणाले.

मी वहीतली आकडेमोड पुढे केली. बराच वेळ बघून ते "चालते" म्हणाले. चष्मा घरी राहिला होता, हे नंतर कळलं.

माझा पहिलाच सल्ला मानला गेला म्हणून मी हवेत होतो. ढिगाला आता मोल आलं म्हणून शेठनी लगेच त्याला काटेरी तारेचं कुंपण घातलं. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी एक बाई सूप घेऊन उभी. नवरा गेल्यापासून ती रोज तो ढीग पाखडून तुसात राहिलेली कणी वेचायची. उन्हाळ्यात शेतात काम नसलं की तिच्या घरी त्याच कणीची पेज शिजायची.

"साहेब, या ढिगावर आमी तिघी मायलेकी जगतो. तुमी कोनाले विचारून जाळाले निघाले?"

"बाई, हा टाकाऊ माल आहे," मी म्हटलं. कागदावर तसंच लिहिलं होतं.

"टाकाऊ असता त मी अठी कायले आली असती?"

मला राग आला. समोरच्याचं बरोबर असलं की मला हमखास येतो.

शेठनी नारळ फोडला, बॉयलरची भट्टी तुसावर पेटली, आणि अर्ध्या तासात वाफेचा जोर उतरला. भट्टीतल्या जाळीवर काळा चिकट थर जमला होता. मी आधी चिमणीला दोष दिला, मग वाऱ्याला, मग भट्टीवाल्याला. तो बिचारा माझ्या सांगण्यावरून दोनदा चिमणी झाडून आला आणि फक्त दात पांढरे उरले. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. शेठ म्हणाले, "उद्या लाकडं आनतो." मी मान खाली घालून पिशवी भरायला लागलो.

बाई रोज कुंपणाबाहेर बसून हा तमाशा बघत होती. ती तिथूनच म्हणाली, "तुमी तूस कोठी जाळता? कणी जाळून राहिले. चुलीत भात टाकला त जाळ होते काय? करपते अन् चिकटते."

मी शेठना कसंबसं राजी करून तिला आत घेतलं. तिनं दोन टोपल्या तूस पाखडून दिलं. ते भट्टीत टाकलं आणि जाळ असा उठला, की भट्टीवाला मागं सरकला. दुपारपर्यंत वाफेचा जोर उतरला नाही.

मी अहवालात ठसठशीत लिहिलं: तूस पाखडूनच जाळावं, पाखडणाऱ्या बाईची रोजी मिलनं द्यावी आणि कणी तिचीच राहावी. शेठनी कुंपण काढलं. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "साहेब, तुमचं डोकं मानलं! कोन्या पुस्तकात सापडली ही युक्ती?"

बाई शेजारीच पाखडत होती. मी म्हणालो, "अनुभव आहे, शेठ."

सूप क्षणभर थांबलं. शेठ आत गेल्यावर मी पुटपुटलो, "बाई, मी तुमचं नाव सांगायला पाहिजे होतं."

"नावाची पेज होते काय, साहेब?" ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली. "बाजूले सरका. तुमी कणीवर उभे हाये."