ताई करेल तसं कर

एडिसनच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये चार मराठी घरं होती आणि चारही घरांत त्या वर्षी किंडरगार्टनला जाणारी एकेक मुलगी. शाळेची पद्धत अशी, की पहिल्या आठवड्यात मुलांना एकेकटं बोलवायचं. टीचर प्रत्येकाशी अर्धा तास बोलणार, नर्स डोळे-कान तपासणार. मला ते अमानुष वाटलं. पाच वर्षांचं पोर, इंग्रजीचा गंध नाही, ते परक्या बाईसमोर एकटं बसवायचं? बाकीच्या तिन्ही आयांना मीच पेटवलं. त्यातली एक म्हणाली, "अगं, त्यांचं काहीतरी रीझन असेल ना?" मी तिला एकीचं बळ वगैरे ऐकवून गप्प केलं. मग चौघींना एकत्रच बोलवा म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रिन्सिपलबाईंशी अशी भांडले, की त्यांनी शेवटी हात टेकले.

सप्टेंबरात चौघी एकमेकींचे हात धरून शाळेत शिरल्या. त्यातली शेजारणीची मुलगी आठ महिन्यांनी मोठी, म्हणून ती सगळ्यांची ताई. माझ्या लेकीला मी दारातच बजावलं, "घाबरायचं नाही. ताई करेल तसं कर."

नर्सनं चौघींना एका टेबलाभोवती बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की हात वर करायचा. मी दाराच्या काचेतून बघत होते. ताईचा हात वर गेला. माझ्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं आणि आपलाही वर केला. दर वेळी तसंच. मला हसूच आलं. शेजारणीला म्हटलं, "बघ, कशी कॉपी करतेय!" चौघीही पास झाल्या.

दोन वर्षं मी माझ्याच शहाणपणावर खूश होते. टीचरनं हिला काही विचारलं की ताई उत्तर द्यायची, रांगेत ताईच हाताला धरून ओढायची. घरी आम्ही मुळातच मोठ्यानं बोलणारी माणसं. पाठमोरी असताना हाक मारली तर ही ओ देत नसे. त्याबद्दल मी तिला धपाटे घातलेत.

मग नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही टेक्सासला, शुगर लँडला आलो. नव्या शाळेत ती एकटी होती. तिसऱ्याच आठवड्यात चिठ्ठी आली, मुलीला ऐकू येत नसावं. डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान अर्धेअधिक गेलेले, बहुधा जन्मापासूनच. इतके दिवस ती ओठ बघून निभावत होती. शाळा सुरू होतानाच मशीन लावलं असतं तर बोलणं-वाचणं पुष्कळ सुधारलं असतं, ते म्हणाले, आता बघू किती जमतं. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

परत येताना नवरा ड्राइव्ह करत होता. मी रडत होते आणि लाज वाटते सांगायला, पण राग तिच्यावरच काढत होते. मागे वळून, तिच्यासमोर तोंड नेऊन मी विचारलं, "ऐकू येत नव्हतं, तर त्या दिवशी हात का वर केलास?"

ती नेहमीसारखी माझ्या ओठांकडे बघत होती. प्रश्नच तिला विचित्र वाटला असावा.

"यू टोल्ड मी, आई," ती म्हणाली. "ताई करेल तसं कर."