कॉम्प्युटरला आधी रामराम

वाळूजच्या बजाजनगरात कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा वाटलं, टायपिंग शिकवायचं अन् घरी जायचं. पण दुष्काळाची वर्षं लागली, खेड्यातली माणसं कंपन्यांत काम बघायला आली, अन् कुणीतरी उठवून दिलं की नोकऱ्या आता कॉम्प्युटरमध्ये निघतात. मग काय, टँकरचं पाणी पुरायचं नाही, पण किस्से रोज भरून वाहायचे. शिकवणारा मी, अन् बहुतेक वेळा गोंधळलेलाही मीच.

त्यातले निम्मे किस्से एकट्या म्हाळूचे. देवगाव रंगारीकडचा मेंढपाळ. चारा संपला म्हणून मेंढरं विकून आलेला. दिवाळीपर्यंत काम लागलं नाही तर बायको-पोरीला घेऊन ऊसतोडीला जायचं, म्हणजे सोनीची शाळा बुडणार. "पोरीची शाळा सुटू द्यायची नाय मास्तर," एवढं सांगून त्यानं खुर्ची ओढली.

*

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "इथं लिहा, काय शोधायचं ते." त्यानं एका बोटानं लिहिलं, 'काम हाय का'. एंटर दाबल्या दाबल्या पानभर नोकऱ्या आल्या. म्हाळू मागं सरकला.

"बंद करा हे."

"काहून?"

"इतक्या झटक्यात व्हय म्हणणारा माणूस काम देत नसतो."



*

मग एका साइटवर त्याचं नाव नोंदवायला बसलो. विचारलं, "सध्याचा पत्ता?"

"कोणत्या महिन्यातला?"

मेंढरं गेली होती, सवय गेली नव्हती. मी म्हणालो, "अहो, आताचा सांगा."

"आता तुमच्याम्होरंच बसलोय की."

शेवटी क्लासचाच पत्ता टाकला.

*

पुंडलिकनगरचे एक काका यायचे, पोराचं करिअर शोधायला. पोरगं कधी आलं नाही. एका साइटवर प्रश्नांची उत्तरं दिली की कोणतं क्षेत्र जमेल ते कळायचं. काकांनी पोराच्या वतीनं सगळं भरलं. सकाळी लवकर उठायला आवडतं का? लई आवडतं. मोकळ्या हवेत काम जमेल का? जमेल की.

निकाल आला: शेती.

काकांनी चष्मा पुसून निकाल पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "मास्तर, जमीन तर प्लॉटिंगला दिली. ह्याला दुसरं काही विचारता येईल का?"

मला लई वाईट वाटलं. पुन्हा सगळी उत्तरं भरली. पुन्हा शेतीच आली.

*

दिवाळी तोंडावर आली. म्हाळूच्या गावात ऊसतोडीचा मुकादम येऊन बसला. वाळूजच्या एका कंपनीत गोडाऊनला माणसं घेणार होते, एचआरच्या साहेबांना मेल करायचा होता. मी म्हणालो, "म्हाळूभाऊ, तुमच्या शब्दांत लिहा," अन् टँकर आला म्हणून खाली पळालो.

वर आलो तर मेल गेलेला. वाचला.

'साहेब, रामराम. तुमच्याकडं पाणी येतं का. घरची मंडळी बरी हायत ना. आमच्याकडं औंदा लई वाईट हाय. म्हाळू, देवगाव रंगारी.'

माझं डोकंच फिरलं. "अहो, कामाचं कुठंय?"

"पहिल्याच भेटीत काम काढायचं? बरं दिसतं का ते?"

"सोनीची शाळा जाईल म्हाळूभाऊ."

"म्हणूनच तर नीट लिवलं."

दोन दिवसांनी चक्क उत्तर आलं. 'रामराम. टँकरच आहे. आईची तब्येत बरी नसते. तुमचं काही काम होतं का?'

मी जवळजवळ ओरडलोच, "लिहा आता! गोडाऊन लिहा!"

म्हाळूनं कीबोर्ड पुढं ओढला. सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'आईला जपा. काम काय नाय, सहज.' अन् मी हात धरायच्या आत पाठवून दिलं.

मी रागानं कॉम्प्युटरच बंद केला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला होता.

'सोमवारी नऊला गेटवर या. आधार कार्ड आणा. सहज.'