माझे पाण्यासंबंधीचे पत्र

पन्नाशी उलटल्यावर मी लिहू लागलो असे मी सांगतो, ते पूर्ण खरे नाही. त्याआधी एकदा माझे छापून आले होते, आणि म्हणूनच पुढे बरीच वर्षे मी काही लिहिले नाही.

नव्वदीच्या दशकात डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी सचिव होतो. सभेत नकार देण्याचे धैर्य मला झाले नव्हते. पाणी एक दिवसाआड येई. मी एका स्थानिक साप्ताहिकाला पत्र लिहिले: जुनी जलवाहिनी, गळती, परवानगीविना उठलेल्या इमारती. ओघात एक वाक्य आले, की बाहेरून येणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आम्हीच होतो. मी गिरगावातला, शेजारी सांगलीचे. दारावर मासळी आणणाऱ्या खाडीकाठच्या कोळिणीच्या लेखी तर आम्ही सगळेच उपरे.

संपादकांनी तेवढेच वाक्य ठेवले आणि मथळा दिला, ‘परप्रांतीयांनी पळवले आमचे पाणी’. खाली माझे नाव, पदवीसह. निवडणूक जवळ आली होती. चौकसभेत एका पुढाऱ्यांनी ते कात्रण वाचून टाळ्या घेतल्या; साप्ताहिकाने ते भाषण पहिल्या पानावर छापले; आणि आमच्या सभेत तेच पान पुरावा म्हणून फिरले.

आमच्या इमारतीत परप्रांतीय एकच होता, जिन्याखाली इस्त्री करणारा. कपड्यांवर शिंपडायला त्याला दिवसाला दोन तांबे पाणी लागे. त्याने जागा रिकामी करावी, असा ठराव त्यानेच इस्त्री केलेल्या सदऱ्यांतील सभासदांनी एकमताने संमत केला. नोटीस मी लिहिली.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन तो माझ्याच दारी आला. त्याला मराठी वाचता येत नव्हते. मी मजकूर हिंदीत सांगितला.

“साहब, आपका लिखा तो पेपर में छपता है,” तो म्हणाला. “मेरी तरफ से भी एक अर्जी लिख दीजिए.”

मी लिहिली. पत्रातून कापले गेलेले सारे तीत घातले: जलवाहिनी, गळती, शिवाय त्याची जिन्याखालची बारा वर्षे. पुढच्या सभेत सचिव या नात्याने मीच ती वाचून दाखवली.

“हे त्याचं मराठी नव्हे,” आमचे अध्यक्ष म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले, सही पडताळण्यात मुरलेले. “अहो, याच्यामागे कुणीतरी मुरब्बी राजकारणी आहे.”

मी खाकरलो. सर्वांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी पाण्याचा पेला मागितला.

अर्ज फेटाळला गेला. त्याच आठवड्यात टेबल आणि कोळशाची इस्त्री हातगाडीवर घालून तो शहाडला मेहुण्याकडे निघून गेला. मी इतिवृत्त पूर्ण केले. शेवटचा ठराव असा होता, की अर्जामागील सूत्रधाराचा शोध सचिवांनी घ्यावा व पुढील सभेस अहवाल द्यावा. त्याखाली मी सही केली.